सातव्या पावलाची हाक

गिऱ्हाईक भाव ऐकून नाक मुरडतं, पिशवी सावरतं आणि चालू लागतं. तेव्हा त्याला नेमकी कधी हाक मारायची हे ज्या कोळणीला कळत नाही तिने मासळी विकू नये, घरी बसून जाळी विणावीत. तिसऱ्या पावलाला हाक मारलीत तर तुमची गरज उघडी पडते. दहाव्या पावलाला गिऱ्हाईक पुढच्या बाईच्या पाटासमोर उभं असतं. सातवं पाऊल खरं. तोवर त्याचा राग उतरलेला असतो, पापलेट डोळ्यांसमोर येत असतं आणि मागे वळायला काहीतरी निमित्त हवं असतं. ते निमित्त आपण द्यायचं. "ये गो बाय, ने. तुझं नाय, माझं नाय."

लालबागच्या बाजारात बसून मी हजारो बायकांना असं परत बोलावलं. एकीला बोलावलं नाही. ती माझी मुलगी.

आधी माझी तक्रार सांगते. ती अजून मिटलेली नाही आणि मिटवायची मला घाईही नाही. नवरा समुद्रावर गेला तो परत आला नाही. होडी परत आली. होडीवर त्याचा भाऊ होता. दोघांनी मिळून घेतलेली होडी, अर्धी याची, अर्धी त्याची. दिवसकार्य झाल्यावर मी माझ्या अर्ध्याचं विचारलं तेव्हा दीर म्हणाला, "वहिनी, होडीवर बाई चढत नाय. जिथं चढायचं नाय तिथं हिस्सा कसला?" माझी जाऊ त्याच्या मागे दाराला टेकून उभी होती. दोघी एकाच मांडवात लग्न लागून आलेल्या, एका ताटात जेवलेल्या. ती एक शब्द बोलली नाही. दिराने होडी गिळली ते मी एक वेळ समजू शकते, पुरुषांना भूक असतेच. जावेचं गप्प बसणं मला गिळता आलं नाही. "या उंबऱ्याच्या आत पुन्हा पाय टाकला तर कोळ्याची पोर नव्हे," असं भर अंगणात ओरडून मी चार वर्षांची मुलगी कडेवर घेतली आणि माझगावचा कोळीवाडा सोडला.

लालबागला चाळीत एक खोली मिळाली. बाजारात जागा मिळणं त्याहून कठीण होतं. मासळीबाजारातल्या जागेला तेव्हा कागद नसे. सासूची जागा सुनेला, आईची मुलीला. एखादी आजारी पडली तर तिची टोपली जागेवर उलटी घालून ठेवायची, म्हणजे दोन दिवस कुणी तिथं बसत नसे. तिसऱ्या दिवशी ती आली नाही तर जागा ज्या बाईची छाती मोठी तिची. माझी छाती मोठी होती. एका म्हातारीच्या शेजारी जमिनीवर बसून मी तीन महिने तिचं पाणी भरलं, तिच्या वतीने सगळ्यांशी भांडले. शेवटी ती थकली तेव्हा तिने स्वतःची टोपली उचलली आणि म्हणाली, "बस. तुझ्या तोंडाला घाबरून तरी कुणी उठवणार नाय." ती जागा म्हणजे माझी होडी. तिच्यावर पुढे माझी मुलगी बसणार, यात मला कधी शंका आली नाही. मुलीलाही विचारायचं असतं हे डोक्यात आलं नाही.

ती अठरा वर्षांची झाली, शाळा पुरी झाली. एका सकाळी मी कोयत्याला धार लावत होते तेव्हा ती म्हणाली, "आये, मी नाव दिलंय."

"कुठं?"

"परळला, इस्पितळात. नर्सच्या शिक्षणाला. निवड झाली."

"आणि पाटावर कोण बसणार?"

"मी बसेन असं मी कधी म्हटलं?"

"तुला विचारलंय कुणी? कुठल्या कालवणात जायचं ते मासळीला विचारतात काय?"

ती हसली. तिच्या बापासारखं, एका गालात. तिथंच मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या जिभेला धार लावावी लागत नाही. मी म्हणाले, "परक्यांची घाण काढायला चाललीस, आणि आईच्या मासळीचा वास येतो तुला."

"वास नाही येत, आये. तू रोज कुणाशी तरी भांडतेस त्याची लाज वाटते."

मग मी जे बोलले ते सगळं लिहीत नाही. शेवटचं वाक्य लिहिते, कारण पुढचं त्यातून झालं. "मग जा. तुझ्या बापाची होडी ज्यांनी गिळली त्यांच्या दारात जा, ते घालतील तुला जेवायला."

मी तोंडाला येईल ते बोलले होते. तिने ते पत्ता म्हणून घेतलं. वसतिगृहात जागा मिळायला वेळ होता, तोवर कुठंतरी राहायला हवं होतंच. तिने पत्र्याची पेटी भरली आणि जिना उतरली.

मी गॅलरीत उभी होते. दुसऱ्या मजल्यावरून चाळीचं अंगण पुरं दिसतं. जिन्याच्या पायथ्यापासून मी मोजायला लागले. मुद्दाम मोजलं नाही, सवयच ती. सातव्या पावलाला ती नळापाशी होती. तिथं तिने पेटी खाली ठेवली. पेटी जड नव्हती, दोन लुगडी आणि वह्या. तिने हात बदलला, पदर खोचला, पुन्हा पेटीच्या कडीला हात घातला आणि उचलली नाही. मला सगळं कळत होतं. असं थांबलेलं गिऱ्हाईक मी शंभरातून ओळखते. शेजारीण माझ्या कानाशी म्हणाली, "अगो, हाक मार तिला!"

"कुठं जातेय? येईल आपली आपण."

तिने पेटी उचलली. आठ. नऊ. दहाव्याला ती फाटकाबाहेर होती.

त्यानंतर ती रोज माझगावहून परळला ट्रामने जायची आणि ट्राम लालबागवरूनच जात असे. माझ्या जागेसमोर बाजाराचा मोठा खांब होता. त्याच्या पलीकडे रस्त्याचा हातभर तुकडा दिसे. त्या तुकड्यातून ट्राम सरकली की मी मान खाली घालून समोर असेल त्या माशाचं डोकं उडवायचे. गिऱ्हाईक म्हणे, "मावशी, डोकं ठेवा, कालवणाला हवंय." कुणी मुलीची चौकशी केली तर "माझगावला असते" एवढंच सांगायचे. नर्स हा शब्द मी तोंडातून काढला नाही. काढला असता तर तिचं खरं झालं असतं.

याच काळात शहर तापत चाललं होतं. मुंबई कुणाला द्यायची याचा निकाल लांब कुठेतरी लागत होता आणि इथं गिरण्यांच्या भोंग्यांपेक्षा घोषणांचा आवाज मोठा झाला होता. सभा, मोर्चे, हरताळ. चाळीतले पुरुष जेवताना भांडत. मी एकदा खालच्या मजल्यावरच्या गिरणीवाल्याला म्हणाले, "भाऊ, सौदा चाललाय दिल्लीत आणि मालकीण बसलीय इथं बोंबील विकत. मला विचारलं कुणी?" तो म्हणाला, "तुम्हाला पाठवलं असतं मावशी, तर येताना दिल्ली पण टोपलीत घालून आणली असती." आम्ही हसलो. आठवड्याभरात त्याच रस्त्यावर गोळीबार झाला.

पहिल्यांदा आम्हाला वाटलं फटाके वाजताहेत. मग माणसं पळत फाटकातून आत आली. एकाच्या सदऱ्याचा खांदा लाल होता आणि तो सगळ्यांना सांगत होता, "माझं नाही हे, माझं नाही." त्या संध्याकाळी संचारबंदी लागली. गॅलरीत उभं राहायलाही पोलीस मनाई करत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी चार ते सहा तेवढी सूट मिळाली. साडेपाचला कोळीवाड्यातली एक ओळखीची बाई धापा टाकत जिना चढून आली. उंबऱ्यातूनच म्हणाली, "तुझ्या जावेनं पाठवलंय. पोर तुझ्याकडे हाय ना?"

"माझ्याकडे? माझ्याकडे कशाला असेल?"

बाईचं तोंड उतरलं. "दोन दिस झाले, घरी आली नाय. जावेला वाटलं, गोळीबार झाला म्हणून आईकडे राहिली असेल."

आणि मी दोन दिवस निर्धास्त होते. रागाने का होईना, ती काकीच्या घरात सुखरूप आहे असं धरून बसले होते. दोन्ही घरं एकमेकांच्या भरवशावर झोपली होती.

बाई लगेच आल्या पावली धावली. तिला सहाच्या आत माझगाव गाठायचं होतं. मी चप्पल शोधेपर्यंत भोंगा झाला आणि फाटक लागलं. त्या रात्रीबद्दल मी लिहिणार नाही.

सकाळी आठ ते अकरा सूट होती. आता जे सांगते ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आठ वाजता फाटक उघडलं आणि मी इस्पितळाकडे गेले नाही. बाजारात गेले.

कारणं तयार होती. बाजार बंद पडून दोन दिवस झाले होते, आज तिसरा. जागा राखायला हवी. ती एखाद्या मैत्रिणीकडे असेल, मला जाळायला मुद्दाम निरोप दिला नसेल. ही सगळी कारणं मी चालताना स्वतःला भाव सांगावा तशी सांगत होते. खरं कारण एकच. इस्पितळात गेले नाही तोवर ती जिवंत होती.

ताजी मासळी कुठून असणार? घरातले सुके बोंबील आणि जवळा मी पाटावर मांडला. बायका तुटून पडल्या होत्या. एक गिरणीवाल्याची बायको बोंबलांची जुडी उचलून म्हणाली, "मावशी, आज तरी रास्त बोला. रस्त्यात रक्त सुकलं नाय अजून." मी माझा भाव सांगितला. तिने जुडी टाकली, "तुमच्या काळजाला खवले हायत," असं म्हणाली आणि वळली. मी मोजायला लागले. पाच, सहा, सात. तोंड उघडलं. आवाज आला नाही. समोर ती बाई नव्हतीच, नळापाशी पेटी ठेवून उभी असलेली पाठ होती. आठ. नऊ. बाई गेली.

मी सगळे बोंबील शेजारणीच्या पाटावर ओतले, माझी टोपली जागेवर उलटी घातली आणि परळच्या वाटेला लागले. "टोपलीला हात लावलात तर बघा," असं ओरडायला विसरले नाही.

रस्त्यावर दगड, काचा, मोडलेली बाकं. ट्रामचे रूळ मोकळे, चकचकीत. इस्पितळाच्या फाटकावर शेदीडशे माणसं होती आणि गंमत म्हणजे कुणी ओरडत नव्हतं. मी कोपराने वाट काढली. आत एका टेबलामागे एक कारकून याद्या घेऊन बसला होता. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली.

"मुलगी हरवलीय," मी म्हणाले. "दोन दिवस घरी नाही. वय अठरा."

त्याने दोन कागद वरून खाली वाचले. "जखमींत या वयाची बाई नाही." मग तिसरा कागद उचलला आणि आवाज उतरवला. "मावशी, एक बाई आहे. तरुण आहे. ओळख पटलेली नाही. बघता का?"

आयुष्यात मी पुष्कळ घासाघीस केली. त्या टेबलापाशी केली तशी कधी नाही. "केस केवढे आहेत? लुगडं कुठल्या रंगाचं? हातात काचेच्या बांगड्या आहेत का? रंगाने कशी?" त्याने एका प्रश्नाला जरी न जुळणारं उत्तर दिलं असतं, तरी मला शवागाराचं दार उघडावं लागलं नसतं. तो थकल्या आवाजात म्हणाला, "मला खरंच माहीत नाही हो. बघा, नाहीतर बाजूला व्हा. मागे माणसं आहेत."

मी जिना उतरून खाली गेले. तिथल्या माणसाने चादरीला डोक्याकडून हात घातला तशी मी म्हणाले, "पाय दाखव." माझ्या मुलीच्या डाव्या तळव्याला लहानपणी खडकावरचं कालवाचं शिंपलं लागून लांब खूण राहिली होती. त्याने पायाकडून चादर उचलली. तळवा स्वच्छ होता. बोटात जोडवी होती.

"देवा, तुझे उपकार," मी मोठ्याने म्हणाले.

तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. चादर पुन्हा नीट घालताना त्याने ते पाय अलगद झाकले, मी बोलले ते त्यांनी ऐकू नये असं. जिना चढताना मी अर्ध्या वाटेत कठडा धरून थांबले. त्या जोडव्यांचं घर या घटकेला कुठल्यातरी रस्त्याने इकडेच चालत येत असेल, आणि मी उपकार मानून बसले होते. लोक मला धीट म्हणतात. बाजारात पोलिसाच्या हातातली टोपली मी हिसकावून घेतलेली आहे. पण ते धीटपण आवाजाचं. त्या जिन्यावर माझ्याकडे काही नव्हतं.

मी परत कारकुनापाशी आले. "ती नाही."

"बरं झालं. मग दुसऱ्या इस्पितळात बघा. घरून कुठं जायला निघाली होती?"

"इथंच."

"इथं? इथं कशाला?"

इतके महिने जो शब्द तोंडातून काढला नव्हता तो आता दाताखाली आला. "इथं शिकते," मी म्हणाले. "नर्स आहे माझी मुलगी."

कारकुनाने पेन्सिल खाली ठेवली. "अहो मावशी! मग हे आधी सांगायचं! त्या मुली आतच आहेत सगळ्या. गोळीबार झाल्यापासून एकीलाही घरी सोडलेलं नाही. बाहेर निरोप द्यायला माणूस कुठून आणायचा?"

एक शब्द. तो आधी बोलले असते तर ते दार मला दिसलंही नसतं.

त्याने सांगितलेल्या वॉर्डाच्या दारात मी उभी राहिले. खाटांच्या मध्ये जमिनीवरही गाद्या होत्या. ती एका गिरणी कामगाराला पाणी पाजत होती. त्याचे दोन्ही हात बांधलेले होते. तो ओरडत होता, शिव्या देत होता, आणि ती त्याच्या मानेखाली हात घालून त्याच्याशी भांडत होती. "ओरडा हवं तेवढं, पण आधी प्या. पाणी अंगावर सांडलंत तर चादर तुम्हालाच धुवायला लावीन." हुबेहूब माझा आवाज. माणूस पाणी प्यायला.

तिने मला पाहिलं आणि दाराशी आली. डोळे खोल गेलेले, बाही कोपरापर्यंत मळलेली. "आये? कशी आलीस? अकराला पुन्हा संचारबंदी आहे."

"घरी चल."

"कसं येऊ?"

"एक दिवस. झोप, जेव, मग ये."

"नाही, आये."

"बरं, पाटावर नको बसूस. कधीच नको. जागा देऊन टाकते कुणाला तरी."

"तू अजून भावच करतेस," ती म्हणाली. रागाने म्हणाली नाही, दमून म्हणाली. "त्या दिवशी मी नळापाशी थांबले होते. तू गॅलरीत होतीस."

"माहीत आहे."

"मला वाटलं तुला दिसलं नाही."

आतून कुणीतरी तिला हाक मारली. ती वळली आणि खाटांमधून चालू लागली. पाच, सहा. माझ्याकडे उतरवायला एकही भाव शिल्लक नव्हता. सातव्या पावलाला मी हाक मारली. वॉर्डातल्या माना वळल्या, कारण मला हळू हाक मारता येत नाही.

ती थांबली. मागे वळली.

"तुझ्या काकीला सांगून येते," मी म्हणाले. "तू आहेस म्हणून. ती वाट बघत असेल."

त्या घरात पाय न टाकण्याची माझी शपथ ती लहानपणापासून ऐकत आली होती. तिने वॉर्डातल्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "भायखळ्याच्या पुलावरून जाऊ नकोस, तिथं अडवतात. आतल्या गल्ल्यांनी जा." आणि आत गेली.

परळपासून माझगावपर्यंत मी धावले म्हटलं तरी चालेल. कोळीवाड्यात शिरले तेव्हा अकराला दोन-चार मिनिटं असतील. जाऊ उंबऱ्यावर बसली होती. केस सुटलेले, समोर चहाची कपबशी तशीच. मला बघून तिला उठता येईना, कारण मी त्या दारात येण्याचा तिला एकच अर्थ लागत होता.

"आहे," मी अंगणातूनच ओरडले. "जिवंत आहे. कामावर आहे."

ती जी रडायला लागली ती आवरेना. मी अंगणात उभी. भोंगा झाला. गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी वळल्याचा आवाज आला.

"आत ये गो," जाऊ म्हणाली.

"नाही."

"आत ये! मेलीस तर शपथ पाळणार कोण?" तिने माझा दंड धरला आणि मला उंबऱ्याच्या आत ओढलं.

"होडीचं मी विसरलेले नाही," मी आत पडता पडता म्हणाले.

"नको विसरूस. आधी पाणी पी."

होडीचं पुढे काही झालं नाही. दीर तसाच राहिला, मीही. जाऊ त्या दिवशी गप्प का बसली होती हे मी तिला विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सूट मिळालेल्या वेळेत मी बाजारात पोचले तेव्हा माझी उलटी टोपली कोपऱ्यात फेकलेली होती आणि दोन दिवसांचा रिवाज मोडून जागेवर दुसरी बाई पाट मांडून बसली होती. तिची छाती माझ्यापेक्षा मोठी होती. मी तासभर भांडले. घसा बसला. शेवटी गटाराजवळ, दाराच्या तोंडाशी, जिथं माश्या आणि ऊन दोन्ही जास्त, तिथं मला बसावं लागलं. त्या बाईला मी अजून क्षमा केलेली नाही.

मुलगी घरी परत राहायला आली नाही. पण वसतिगृहात जागा मिळेपर्यंत ती ट्रामने जात राहिली. नव्या जागेसमोर खांब नव्हता. ट्राम लांबून येताना दिसायची आणि पुरी वळेपर्यंत दिसत राहायची. काही सकाळी ती खिडकीतून बघे, काही सकाळी झोपलेली असे. मी हात हलवत नसे. हातात कोयता असायचा. पण ट्राम जाईपर्यंत मासा तसाच पाटावर राही, आणि समोरचं गिऱ्हाईक कंटाळून चालू लागलं तर चालू लागे.